सुईच्या नेढ्यातला उंट

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. एकोणसाठ म्हणजे ४९ की ५९, हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने मेसच्या रांगेत पकडून "या वर्षी तू लिहायचंस" असं म्हटलं, तेव्हा मी ताट घेऊन पळायच्या बेतात होते. "अगं, तुझ्या त्या गिरक्या घेणाऱ्या पेंडुलमवर लिही की!" ती म्हणाली. म्हणजे ती गोष्ट आमच्या विंगच्या बाहेरही पोहोचली होती तर. मग म्हटलं, दुसऱ्या कोणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी.

तर झालं असं. मिनी प्रोजेक्टसाठी मी साध्या पेंडुलमचं सिम्युलेशन केलं होतं. घर्षण नाही, हवा नाही, कोणी ढकलत नाही. एकदा सोडला की त्याने आपला जन्मभर त्याच उंचीपर्यंत इकडून तिकडे झुलायचं, एवढीच अपेक्षा. मी आदल्या रात्री दहा सेकंद चालवून बघितलं, छान दिसलं, झोपले. तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल सर शांतपणे स्क्रीनकडे बघत बसले. काही बोलेनात. पेंडुलम हळूहळू जास्त उंच जायला लागला. मग अजून उंच. आणि शेवटी जत्रेतल्या पाळण्यासारखा गरगर फिरायला लागला.

"याला ढकलतंय कोण?" सरांनी विचारलं.

"सर, राउंड ऑफ एरर असेल."

"राउंड ऑफ एरर इतक्या इमानाने एकाच दिशेने वाढत नाही, बाळ."

मार्क किती मिळाले ते विचारू नका. पण उठताना सर एक गोष्ट सांगून गेले. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, जुना वेग जपून ठेवायची. आधी नवा वेग काढायचा, पण स्थिती पुढे सरकवताना मात्र जुनाच वेग वापरायचा, अशी पद्धत. पुस्तकात तशीच होती (ऑयलरची पद्धत, सगळ्यांनी केली आहे). सर म्हणाले, "ती जपून ठेवायची ओळ खोडून टाक आणि ताज्या वेगानेच स्थिती काढ. काय होतं ते बघ. आणि वेळ मिळाला तर सिम्प्लेक्टिक हा शब्द शोध."

रात्री ओळ खोडली. पेंडुलम सुतासारखा सरळ झाला. दहा मिनिटं, एक तास, रात्रभर. सकाळी उठून बघते तर तेवढ्याच उंचीवर झुलतोय! प्रोग्रॅममध्ये भर घालून नाही, एक ओळ कमी करून तो बरोबर आला, याचा मला आनंद होण्याऐवजी राग आला. असं का, हे कळेपर्यंत चैन पडेना. पुढचं सगळं त्या रागातून आलेलं आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, मी स्वतः घाबरून झालेले आहे.

पेंडुलमची अवस्था सांगायला दोन आकडे लागतात, तो कुठे आहे आणि त्याचा संवेग किती आहे. एक आडवा अक्ष, एक उभा अक्ष, झाला कागद. कागदावरचा एक बिंदू म्हणजे पेंडुलमची एक अवस्था. काळ पुढे गेला की बिंदू सरकतो. आता एका बिंदूऐवजी शाईचा छोटा डाग घ्या, म्हणजे थोड्या थोड्या फरकाने सोडलेले पुष्कळ पेंडुलम. काळाबरोबर डाग लांबेल, वाकडातिकडा होईल, पण खऱ्या निसर्गात (घर्षण नसेल तर) त्याचं क्षेत्रफळ बदलत नाही. एका चौरस मिलिमीटरनेही नाही.

माझी पद्धत तिथेच चोरी करत होती. सोप्या स्प्रिंगचं उदाहरण घेऊन आकडेमोड केली तर, ०.१ ची पायरी ठेवल्यावर ऑयलरच्या पद्धतीत प्रत्येक पायरीला क्षेत्रफळ १.०१ पट होतं. एक टक्का, कोणाच्या लक्षात येणार? पण १०० पायऱ्यांनंतर ते २.७ पट होतं आणि १००० पायऱ्यांनंतर जवळजवळ २१ हजार पट! चक्रवाढ व्याज, दुसरं काय. ऊर्जाही तेवढ्याच पटीने फुगते. ओळ खोडल्यावर मात्र क्षेत्रफळाचा गुणक येतो बरोबर १. अंदाजे नाही, बरोबर एक. दोन ओळींचं निश्चयक काढून बघा, ०.१ चा वर्ग अधिक आणि वजा होऊन उडून जातो. ऊर्जा अगदी तंतोतंत टिकते असं नाही, ती जराशी वर-खाली होत राहते. कागदावर वर्तुळ यायच्या ठिकाणी किंचित कललेलं लंबवर्तुळ येतं. पण बिंदू त्या लंबवर्तुळावरून कधी सुटत नाही.

ही नुसती हॉस्टेलच्या खोलीतली गंमत नाही. विस्डम आणि होल्मन यांनी १९९१ मध्ये याच जातीची पद्धत वापरून बाहेरच्या ग्रहांचा सुमारे एक अब्ज वर्षांचा प्रवास कॉम्प्युटरवर चालवला. माझ्या पद्धतीने चालवला असता तर गुरू-शनी कुठल्या कुठे भरकटले असते.

इथपर्यंत मला वाटलं, कळलं. निसर्ग क्षेत्रफळ जपतो. एकाऐवजी दोन पेंडुलम असले तर चार आकडे, चार मिती, मग तिथे क्षेत्रफळाऐवजी घनफळ जपत असेल. ते जपतोच, त्याला ल्युव्हिलचा सिद्धांत म्हणतात. घनफळ जपणं म्हणजे कणकेचा गोळा. लाटा, वळा, शेवया करा, कणीक तेवढीच राहते. आकाराला काही बंधन नाही. मी समाधानाने पुस्तक मिटणार होते.

पण दोन पेंडुलम असले की निसर्ग घनफळापेक्षा बारीक हिशोब ठेवतो. पहिल्या पेंडुलमची स्थिती आणि त्याचाच संवेग ही एक जोडी. दुसऱ्याची स्थिती आणि दुसऱ्याचा संवेग ही दुसरी. प्रत्येक जोडीचा आपापला कागद. चार मितींच्या त्या जागेत पापुद्र्यासारखा एक पातळ तुकडा घ्या आणि त्याची सावली दोन्ही कागदांवर पाडा. दोन सावल्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करा (कडेवरून फिरताना सावली उलट्या दिशेने फिरत असेल तर ते क्षेत्रफळ वजा धरायचं, जमा-खर्चासारखं). ही बेरीज काळाबरोबर बदलत नाही. हा सिम्प्लेक्टिक नियम. स्थिती कशी बदलेल ते संवेग ठरवतो आणि संवेग कसा बदलेल ते स्थिती, अशी दोघं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यातून हा नियम येतो. १९३९ मध्ये हेर्मान वाइल या गणितज्ञाने ग्रीकमधून हा शब्द घडवला. अर्थ साधारण "एकमेकांत गुंफलेलं". वेणीच्या पेडांसारखं म्हणा ना.

ज्या जागेवर असा जोड्यांचा हिशोब मांडलेला असतो तिला सिम्प्लेक्टिक मॅनिफोल्ड म्हणतात. (ऑटोमोबाईलवाल्यांनो, इंजिनाला लावतात तो मॅनिफोल्ड नव्हे.) मॅनिफोल्ड म्हणजे जवळून सपाट दिसणारी, पण एकूण कशीही वळलेली, स्वतःला मिळालेली जागा. पृथ्वीचा पृष्ठभाग हे नेहमीचं उदाहरण. फरक इतकाच की पृथ्वीचा अगदी लहान तुकडासुद्धा अंतरं न बिघडवता कागदावर सपाट करता येत नाही, नकाशे काढणाऱ्यांचं जुनं दुखणं. सिम्प्लेक्टिक जागेत हे दुखणंच नाही! दार्बूचा सिद्धांत सांगतो की सारख्या मितींच्या अशा सगळ्या जागा जवळून अगदी एकसारख्या असतात, कुठेही वक्रता म्हणून काही नसते. म्हणजे लहान प्रमाणावर बघाल तर सगळं लवचिक, पाहिजे तसं बसवून घ्या.

मग मोठ्या प्रमाणावर काय? हा जोड्यांचा बारीक हिशोब खरोखर काही अडवतो का, की शेवटी घनफळ जपलं म्हणजे झालं? कणीक की लाकूड? विसाव्या शतकात बरीच वर्षं हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. आणि मला हा प्रश्न एकदम आपला वाटला. नियमांची वही भलीमोठी असते, पण प्रत्यक्षात रेक्टर मॅडम त्यातला कोणता नियम पाळायला लावतात, हे हॉस्टेलला राहणाऱ्याला सांगायला नको.

उत्तर दिलं मिखाइल ग्रोमोव्ह यांनी. जन्म १९४३, सोव्हिएत रशिया, पुढे अमेरिका आणि मग फ्रान्स. २००९ चं आबेल पारितोषिक त्यांना मिळालं. गंमत अशी की त्यांचं नाव आधी झालं होतं ते लवचिकपणासाठी. गणितात असे कितीतरी प्रश्न आहेत जिथे अटी कडक दिसतात, पण चतुराईने वाट काढता येते. नॅश यांनी १९५४ मध्ये आणि कायपर यांनी १९५५ मध्ये दाखवलं की चेंडूचा पृष्ठभाग, त्यावरच्या कुठल्याही रेषेची लांबी न बदलता, धारदार घडी न पाडता, पाहिजे तेवढ्या लहान जागेत कोंबता येतो. तो इतका बारीक, सुरकुत्यांवर सुरकुत्या असा चुरगळलेला असतो की वक्रतेचं नेहमीचं गणित तिथे लागूच पडत नाही. ग्रोमोव्ह या कलेचे उस्ताद. त्यांनी ती एका दुकानाऐवजी सगळ्या बाजाराला लागू होईल अशी मांडली. उघड्या, कडा नसलेल्या पसरट जागांवर सिम्प्लेक्टिक रचना उभी करणं हाही लवचिक प्रश्न आहे, हे त्यांचंच काम. त्यामुळे हा माणूस "इथेही सगळं कणीकच" असं सिद्ध करेल, असं कोणाला वाटलं असतं तर चूक नव्हती.

१९८५ मध्ये त्यांनी बरोबर उलटं सिद्ध केलं.

चार मितींत एक गोल गोळा घ्या, त्रिज्या १. आणि एक लांबच लांब नळी घ्या, जी पहिल्या जोडीच्या कागदावर ०.१ त्रिज्येची गोल चकती दिसते आणि दुसऱ्या जोडीच्या दिशेने मात्र अमर्याद पसरलेली आहे. नळीचं घनफळ अनंत. घनफळच जपायचं असेल तर काम सोपं आहे. पहिल्या जोडीची स्थिती आणि संवेग, दोन्ही दहाने भागा, दुसऱ्या जोडीचे दोन्ही दहाने गुणा. घनफळ तेवढंच, गोळा नळीत. पण हा व्यवहार जोड्यांच्या हिशोबात बसत नाही, कारण पहिल्या कागदावरचं क्षेत्रफळ शंभरपट कमी झालं. बरं, सरळ दाबू नका. वळवा, पिळा, शेवया काढा, दुसऱ्या जोडीतून वळसा घालून आणा. ग्रोमोव्ह म्हणतात, काहीही करा, सिम्प्लेक्टिक नियम पाळून गोळा त्याच्यापेक्षा कमी त्रिज्येच्या नळीत जाणार नाही. ०.१ सोडा, ०.९९ च्या नळीतही नाही.

गणितवाल्यांनी या गोळ्याला लाडाने सिम्प्लेक्टिक उंट म्हटलं. हे वाचलं आणि मी एकटीच हसले. कारण शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला बायबलमधला तो श्रीमंत माणूस आणि सुईच्या नेढ्यातला उंट आम्हाला दरवर्षी भेटायचा. तेव्हा मी सिस्टरना विचारलं होतं, उंटाची बारीक बारीक शेवई केली तर? सिस्टरनी मला वर्गाबाहेर उभं केलं. आता वाटतं, प्रश्न अगदीच वाईट नव्हता. भिंतीला छोटं भोक असेल तर उंटाचा एकेक कण त्यातून पलीकडे जाऊ शकतो, त्याला कोणाची ना नाही. पण गोळा म्हणून सगळा उंट, सिम्प्लेक्टिक हालचालीने, पलीकडे जात नाही. शेवई करूनसुद्धा नाही.

एक सावधगिरी. नेढं कुठल्या दिशेला आहे त्यावर सगळं अवलंबून. नळीची चकती जर पहिल्या पेंडुलमची स्थिती आणि दुसऱ्या पेंडुलमची स्थिती अशा बेजोड अक्षांवर असेल, तर उंट आरामात जातो. दोन्ही स्थिती दहाने भागायच्या, दोन्ही संवेग दहाने गुणायचे, प्रत्येक जोडीचं क्षेत्रफळ जिथल्या तिथे. घनफळ तेच, नळीही दिसायला तशीच, तरी एक बंद आणि एक सताड उघडी. कडकपणा जोडीत आहे, जागेत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रूममेटला रात्री दीड वाजता उठवलं होतं. तिने जे उत्तर दिलं ते छापता येणार नाही.

सिद्धता पूर्ण समजली असं मी म्हणणार नाही, पण तिचा सांगाडा इतका देखणा आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. साबणाच्या पाण्यात तारेची कडी बुडवून काढली की पातळ पडदा बसतो, तो कमीत कमी क्षेत्रफळाचा असतो, हे आपल्याला माहीत आहे. ग्रोमोव्ह यांनी नळीमध्ये असेच पडदे बसवले. मोकळ्या नळीत ते सोपे आहेत, काकडीच्या गोल चकत्यांसारखे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ पाय गुणिले नळीच्या त्रिज्येचा वर्ग. आता समजा गोळा कसातरी पिळून नळीत बसवला आहे. ग्रोमोव्ह यांनी दाखवलं की पिळलेल्या गोळ्याला सोयीचे होतील असे नियम बदलले तरी पडदे नाहीसे होत नाहीत, आणि एक पडदा नेमका गोळ्याच्या केंद्रातून जातो. त्याचं सिम्प्लेक्टिक क्षेत्रफळ तेवढंच राहतं, नळीच्या चकतीएवढं. आता गोळा उलगडून परत गोल करा आणि त्याच्यातला पडद्याचा भाग बघा. तो केंद्रातून जातो आणि काठापर्यंत पोहोचतो. असा साबणाचा पडदा कमीत कमी केवढा असेल? सरळ सपाट चकतीएवढा, म्हणजे पाय गुणिले गोळ्याच्या त्रिज्येचा वर्ग. म्हणजे गोळ्याची चकती नळीच्या चकतीत मावली पाहिजे. गोळ्याची त्रिज्या नळीपेक्षा मोठी असूच शकत नाही. बस्स. चार मितींचा प्रश्न दोन मितींच्या पडद्यावर आणून सोडवला. हे पडदे, त्यांचं खरं नाव स्यूडोहोलोमॉर्फिक वक्र, पुढे या विषयाचं मुख्य हत्यार झाले.

मग याचा उपयोग काय, असं मेकॅनिकलची पोरं विचारणारच. समजा एक उपग्रह आहे. तो कुठे आहे आणि किती वेगात आहे हे आपल्याला थोड्या चुकीसकट माहीत आहे, आणि (सोयीची एककं घेतली तर) ती चूक म्हणजे अवस्थांच्या जागेतला एक गोळा आहे. काळाबरोबर तो गोळा ताणला जाईल, पिळला जाईल. नशीब चांगलं असेल तर एखाद्या दिशेची स्थिती जास्त नेमकी कळेल, पण त्या बदल्यात त्याच दिशेच्या संवेगाची चूक वाढेल. प्रत्येक जोडीच्या कागदावर त्या गोळ्याची सावली सुरुवातीच्या चकतीपेक्षा लहान कधीच होणार नाही, नवीन मोजमाप घेतल्याशिवाय. एका जोडीतलं अज्ञान दुसऱ्या जोडीत ढकलून पहिली स्वच्छ करायची, हा मार्ग बंद. हायझेनबर्गची आठवण होते ना? पण इथे क्वांटम काही नाही, साधं न्यूटनचं मेकॅनिक्स आहे. (घर्षण आलं की हे सगळं संपतं. शॉक अॅब्सॉर्बर सावल्या खुशाल खातो, म्हणून तर आपण तो लावतो.)

इथे मला वाटलं, चला, कडकपणा जिंकला. तर तसंही नाही. तीन पेंडुलम, सहा मिती घ्या. एका जोडीवरची सावली लहान होत नाही हे ग्रोमोव्ह यांनी सांगितलं. सगळ्या तिन्ही जोड्या मिळून तर घनफळच, ते ल्युव्हिलने सांगितलं. मग मधली, दोन जोड्या मिळून चार मितींची सावली? तीही टिकत असेल असं कोणालाही वाटेल. आब्बोंदांदोलो आणि मात्वेयेव्ह यांनी २०१३ मध्ये दाखवलं की ती पाहिजे तेवढी लहान करता येते. खाली कडक, वर कडक, मध्ये कणीक! मला हा निकाल ग्रोमोव्हच्या निकालाइतकाच आवडतो, कारण यात माझा अंदाज साफ चुकला.

आणखी एक निकाल, जो सिम्युलेशन करणाऱ्या प्रत्येकाला कळला पाहिजे. समजा तुमच्याकडे सिम्प्लेक्टिक रूपांतरांची एक मालिका आहे, आणि ती जवळजवळ जात एका गुळगुळीत रूपांतराला मिळते. जवळ जाणं म्हणजे फक्त बिंदू बिंदूंच्या जवळ, उतारांकडे बघायचंच नाही. सिम्प्लेक्टिक नियम तर उतारांवर लिहिलेला असतो. मग मर्यादेत तो हरवून नुसतं घनफळ शिल्लक राहील? एलियाशबर्ग आणि ग्रोमोव्ह यांनी दाखवलं की नाही हरवत. मर्यादेलाही नियम पाळावाच लागतो. आधी दोनच शक्यता उरल्या होत्या, एकतर नियम मर्यादेतही टिकतो किंवा त्याला काही अर्थ नाही, घनफळ जपणारं काहीही सिम्प्लेक्टिक वाटांनी गाठता येतं. दुसरी शक्यता खरी निघाली असती तर हा विषय कणकेच्या परातीत बुडाला असता. कारण उंट नळीत जातो की नाही, या एका प्रश्नावर ते अडलेलं होतं. त्या १९८५ च्या उत्तराचं वजन हे आहे.

आता लाडू. दिवाळीनंतर घरून आलेला डबा समोर ठेवून मी हा भाग रूममेटला समजावला, तेव्हा कुठे तिने ऐकलं. चार मितींचा गोल डबा आहे. त्यात सारख्या आकाराचे गोल लाडू बसवायचे. लाडू सिम्प्लेक्टिक नियम पाळून कसेही दाबा, पिळा, पण एकमेकांवर चढवायचे नाहीत. डबा जास्तीत जास्त किती भरेल? कणीक असती तर नेहमीच पूर्ण. एक लाडू असेल तर अर्थात पूर्ण. दोन असतील तर ग्रोमोव्ह सांगतात, फक्त अर्धा! कितीही पिळा, अर्धा डबा रिकामा. तीन लाडू, पाऊण डबा. चार लाडू, पूर्ण. म्हणजे दोन ठेवा, तीन ठेवा की चार ठेवा, लाडवाचा मोठ्यात मोठा आकार तोच राहतो. मला वाटलं, चारला पूर्ण झालं म्हणजे आता सुटलो. पण पाच लाडवांना डबा परत ४/५ च भरतो. सहा लाडू, २४/२५. सात, ६३/६४. आठ, २८८/२८९. हे आकडे मॅक्डफ आणि पोल्टेरोविच यांनी १९९४ मध्ये दिले. आणि १९९७ मध्ये बिरान यांनी सिद्ध केलं की नऊ आणि नऊच्या पुढे कितीही लाडू घ्या, डबा पाहिजे तितका पूर्ण भरतो. आठपर्यंत हट्टी, नवव्याला विरघळतो.

"म्हणजे लाडू लहान झाले की ऐकायला लागतात," रूममेट म्हणाली. ढोबळमानाने बरोबरच आहे. मोठा तुकडा नळीत अडतो, बारीक तुकड्यांना मोकळी वाट मिळते. पण तो बदल नेमका आठ आणि नऊच्या मध्येच का, यामागे बीजगणितीय भूमितीतल्या वक्रांची एक मर्यादित यादी आहे. आठ लाडवांपर्यंत अडवणारे वक्र मोजकेच निघतात, आणि प्रत्येक अपूर्णांकामागे त्यातला एक उभा असतो. २८९ म्हणजे १७ चा वर्ग, तो १७ सुद्धा अशाच एका वक्राकडून आलेला आहे. ते मी अजून वाचतेय. लायब्ररीत पुस्तक आहे, शेवटचा शिक्का बराच जुना आहे, आणि सध्या ते माझ्या नावावर आहे.

डब्यात आठ लाडू होते. रूममेटने एक उचलला आणि म्हणाली, "घे, ६३/६४."